तोंडचा माल आणि तळचा माल : नमुना तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा विषय एकच आहे : सगळं तपासणं शक्य नसतं, तेव्हा थोडं तपासून सगळ्याबद्दल बोलायचं कसं? फाउंड्री, दूध संकलन, पतसंस्था, भातशेती, बाजार पाहणी अशा सगळीकडचे प्रश्न आले आहेत. बऱ्याच जणांनी 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण लिहिली आहे. म्हण खरी आहे, कारण पातेल्यातल्या प्रत्येक शिताला तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते. तळाला करपलं असेल तर मात्र वरचं शीत ते सांगत नाही. कारखान्यातला लॉट, कर्जाच्या फाइली किंवा एखादा तालुका असा एकसारखा शिजलेला क्वचितच असतो. म्हणून उत्तरांत 'किती तपासलं' यापेक्षा 'कुठून आणि कसं उचललं' याचीच चर्चा जास्त आहे.

प्रश्न : आमची कास्टिंगची फाउंड्री आहे. लॉट केवढाही असो, पाठवण्याआधी १० टक्के पीस तपासायचे हा वर्षानुवर्षांचा नियम. लहान लॉट बहुतेक पास होतात, मोठे अडकतात. आणि गिऱ्हाइकाकडून परत येतात ते लहान लॉटच! दहा टक्के कमी पडतात का? वीस करू का? — क्वालिटी विभागप्रमुख, उद्यमबाग, बेळगाव

वीस करू नका. टक्क्याचा नियमच काढून टाका. त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे.

समजा मालात ४ टक्के पीस खराब आहेत, आणि तपासलेल्यांत एकही खराब निघाला नाही तरच लॉट पास असा नियम आहे. ५० पिसांच्या लॉटमध्ये २ खराब असतील आणि तुम्ही ५ तपासाल. लॉट पास होण्याची शक्यता ८१ टक्के. २०० च्या लॉटमध्ये ८ खराब, तपासाल २०. शक्यता ४२ टक्के. १,००० च्या लॉटमध्ये ४० खराब, तपासाल १००. आता शक्यता दीड टक्क्याहूनही कमी. माल तिन्हीकडे तितकाच वाईट, पण लहान लॉट सुटतो आणि मोठा सापडतो. नमुन्याची ताकद त्यातल्या पिसांच्या संख्येत असते, लॉटशी असलेल्या टक्केवारीत नसते. लॉट नमुन्याच्या दहापट असो की शंभरपट, ताकदीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. पन्नासाच्या लॉटमधून पाच पीस तपासणं म्हणजे जवळजवळ न तपासणंच.

त्याऐवजी आयएस २५०० या नमुना तपासणीच्या भारतीय मानकाचा भाग १ वापरा. लॉटचा आकार पाहून किती पीस घ्यायचे आणि किती खराब निघेपर्यंत लॉट स्वीकारायचा, हे त्यातल्या तक्त्यांवरून ठरतं. तपासणीची नेहमीची दुसरी पातळी आणि एक्यूएल (स्वीकार्य दर्जाची मर्यादा, टक्क्यांत) १ धरला तर २८१ ते ५०० च्या लॉटला ५० पीस, एक खराब चालतो. ५०१ ते १,२०० ला ८० पीस, दोन चालतात. १,२०१ ते ३,२०० ला १२५ पीस, तीन चालतात, चौथा निघाला की लॉट नाकारायचा.

इथं व्यवस्थापक मंडळींचा एक गैरसमज हमखास होतो. 'एक्यूएल १' म्हणजे गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त १ टक्का खराब माल जाईल, असं ते धरून चालतात. तसं नाही. १२५ पीस, तीनपर्यंत चालतात, या योजनेत खरोखर १ टक्का खराबी असलेले शंभर लॉट आले तर सुमारे ९६ पास होतात. ३ टक्के खराबी असेल तरी ४८ पास होतात. ५ टक्के असतानाही १२ सुटतात. ही योजना एकेका लॉटची हमी देत नाही. ती लॉटच्या रांगेवर नजर ठेवते. लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटपैकी दोन नाकारले गेले की कडक तपासणीवर जायचं, म्हणजे वरच्या योजनेत तीनऐवजी दोनच खराब चालतील. पुन्हा ओळीनं पाच लॉट पास झाले की मग नेहमीच्या तपासणीवर यायचं. तक्ता भिंतीवर लावून हा बदलाचा नियम वगळला तर अर्धी योजनाच हातात राहते. आणि गिऱ्हाईक ३ टक्क्यांनाही तयार नसेल तर नमुना वाढवायला हवा, किंवा तो दोष असलेला प्रत्येक पीस पकडणारा गेज लाइनवरच बसवायला हवा.

आता उचलण्याबद्दल. तुम्ही पुढं लिहिलंय की चार कॅव्हिटीची पॅटर्न प्लेट आहे (म्हणजे एका साच्यात पिसाच्या आकाराच्या चार पोकळ्या) आणि तपासनीस ओळीतला प्रत्येक विसावा पीस घेतो. वीसला चारनं पूर्ण भाग जातो. म्हणजे पहिला पीस चौथ्या कॅव्हिटीचा असेल तर पुढचे सगळे चौथीचेच. तिसऱ्या कॅव्हिटीची हवा जायची वाट बुजली आणि तिच्या प्रत्येक पिसात ब्लोहोल (हवेचं भोक) आलं, तरी तुमच्या नोंदवहीत सगळं स्वच्छ दिसेल. आणि मालात चारातला एक खराब असेल. पायरी २० ऐवजी २१ केली तरी कॅव्हिटी आळीपाळीनं येतात. त्याहून बरं म्हणजे पॅटर्नवरच कॅव्हिटीचा क्रमांक उठवून घ्या आणि चारही क्रमांकांचे सारखे पीस काढा. माल ठरावीक लयीत तयार होत असेल तिथं 'प्रत्येक अमुकावा' या पद्धतीला हा धोका कायम असतो.

तसंच प्रत्येक हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, वेगळी धरा. दोन हीटचा माल एका बिनमध्ये मिसळून एक नमुना काढला तर बिघडलेली हीट चांगल्या हीटच्या आड लपते. एका हीटमध्येही सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे साचे वेगळे काढा. लॅडलमधला (ओतायच्या भांड्यातला) धातू थंड पडत जातो, त्यामुळे अपुरी भरणी आणि न जुळलेले सांधे शेवटच्या साच्यांत जास्त सापडतात. आणि कुठले क्रमांक तपासायचे ते आधीच ऑफिसात ठरवून कागदावर द्या. बिनपाशी उभा राहून माणूस उचलतो तेव्हा हात वरच्या, स्वच्छ फेटलिंग (घासून सफाई) झालेल्या पिसाकडेच जातो. यात त्याची लबाडी नसते, हाताची ती सवयच असते.

प्रश्न : '३० नमुने घेतले की पुरतात' असं एका प्रशिक्षणात सांगितलं. खरं आहे का? — वाचक, गोकाक

नाही. तीसचा आकडा एका वेगळ्याच गोष्टीशी निगडित आहे. साधारण तितक्या मोजमापांनंतर सरासरीच्या वागणुकीसाठी घंटेच्या आकाराचा वक्र बऱ्यापैकी लागू पडतो, आणि तोही मोजमापं फार एका बाजूला कललेली नसतील तर. तुमचं उत्तर किती नेमकं येईल याच्याशी त्याचा संबंध नाही. 'किती टक्के लोक' या जातीच्या प्रश्नात ३० जणांवरून निघालेलं ५० टक्के हे उत्तर ३२ ते ६८ यांत कुठंही असू शकतं. १०० जणांत ते अधिक-उणे १० होतं, ४०० त ५, १,६०० त अडीच. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. खर्चाचा आकडा मंजूर करताना हे गणित समोर ठेवा.

प्रश्न : गावच्या दूध संकलन केंद्रात एकाच कॅनचं फॅट दोनदा तपासलं की दोन आकडे येतात. शेतकरी म्हणतात मशीन बोगस आहे. मशीन बदलायचं का ओ? — सचिव, दूध संस्था, चिकोडी तालुका

मशीनच्या आधी नमुना पाहा. दूध उभं राहिलं की स्निग्धांश वर चढतो. कॅनच्या तोंडाशी वाटी बुडवली तर साय जास्त येते, तळातून काढलं तर पातळ दूध येतं. नमुना काढण्याआधी तळापर्यंत पोचणाऱ्या प्लंजरनं दहा-बारा वेळा वर-खाली करा आणि लगेच, दूध हलतं असतानाच, मधल्या खोलीवरून काढा. कॅनच्या कडेला किंवा झाकणाला साय चिकटली असेल तर ती आधी आत सोडा. नमुन्याच्या बाटलीतही तेच. थंड बाटलीत साय वर जमली असेल तर ती साधारण ४० अंशांपर्यंत कोमट करून, हळूच उलटसुलट करून, मग २७ अंशांच्या आसपास आणून दूध मोजून घ्या. जोरात हलवू नका. लोणी सुटलं की तो नमुना टाकूनच द्यावा लागतो.

दुसरी चूक एकत्र नमुन्यात होते. एखाद्या घरून सकाळी ४.२ फॅटचं ६ लिटर आणि संध्याकाळी ६.० फॅटचं २ लिटर आलं. दोन्ही नमुने समान मिसळले तर फॅट ५.१ येतं. खरं ते ४.६५ आहे. मिसळताना लिटरच्या प्रमाणात मिसळायचं : सकाळचे तीन भाग, संध्याकाळचा एक. हे दोन्ही नीट झाल्यावरही आकडे हलले तरच मशीन तपासायला पाठवा.

प्रश्न : आमची मसाल्याची कंपनी आहे. बेळगाव शहर, खानापूर, चिकोडी, निपाणी मिळून ४०० घरांची पाहणी करून घेतली. एजन्सीनं 'अचूकता अधिक-उणे ५ टक्के' असं लिहून दिलं आहे. खानापुरात आमचा मसाला ४१ टक्के घरांत आहे असं अहवाल सांगतो, तिथले दुकानदार मात्र मान हलवतात. कुणाचं खरं मानू? — विक्री व्यवस्थापक, निपाणी

अधिक-उणे ५ हा आकडा ४०० घरं चारही भागांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी, एकेक स्वतंत्र निवडली असतील तरच खरा. आधी एजन्सीला विचारा : किती गल्ल्या, आणि एका गल्लीत किती घरं? खर्च वाचवायला २० गल्ल्या आणि प्रत्येकीत २० घरं असं बऱ्याचदा होतं. एका गल्लीतली माणसं सारखं खातात, एकाच दुकानातून आणतात, एकमेकींना विचारून मसाला बदलतात. शहापूरच्या विणकर गल्लीतली वीस घरं आणि टिळकवाडीतली वीस घरं ही चाळीस वेगवेगळी मतं नसतात. या सारखेपणाचं माप (० म्हणजे काहीच सारखं नाही, १ म्हणजे हुबेहूब) ०.१ धरलं, आणि खाण्यापिण्याच्या सवयींसाठी ते अवाजवी नाही, तर २० घरांच्या झुबक्यासाठी पसारा (चुकीचा वर्ग) १ + १९ × ०.१ म्हणजे २.९ पट होतो. तुमच्या ४०० मुलाखतींची खरी किंमत १३८ मुलाखतींएवढी उरते आणि चूक अधिक-उणे ८ च्या पुढं जाते. तीच ४०० घरं ८० गल्ल्यांत पाच-पाच अशी विभागली असती तर पसारा १.४ पट, किंमत २८६ एवढी, चूक सहाच्या आत. प्रवासाचा खर्च वाढतो, पण प्रत्येक मुलाखतीतून दुप्पट माहिती हाती येते.

खानापूरचं पाहा. तुमच्या तक्त्यात तिथली फक्त ६० घरं आहेत. ती स्वतंत्र निवडली असती तरी ४१ टक्क्यांचा अर्थ २८ ते ५४ यांच्यात कुठंतरी एवढाच होतो. शिवाय ही साठही घरं खानापूर गावातल्या तीन गल्ल्यांतली आहेत. जांबोटी, कणकुंबीकडची घाटमाथ्याच्या पावसातली गावं त्यात नाहीत, बीडीकडची पूर्वेची गावंही नाहीत. तेव्हा अहवाल खानापूर गावच्या तीन गल्ल्यांबद्दल बोलतोय आणि दुकानदार आपापल्या गिऱ्हाइकांबद्दल. दोघंही खरं बोलत असतील. खानापूरचा आकडा वेगळा हवा असेल तर तालुक्याचे तीन थर करा : गाव, घाटाकडची खेडी, पूर्वेची खेडी. तिथं मिळून निदान २०० घरं, कमीत कमी ४० ठिकाणी, घ्या. मग चारही भागांची एकत्र बेरीज करताना खानापूरला त्याच्या घरांच्या खऱ्या वाट्याएवढंच वजन द्या. थर करून निवडायचं आणि बेरजेत वजन विसरायचं, ही चूक चांगल्या अहवालांतही सापडते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, भाषेची. प्रश्न ज्या भाषेत विचारला तिचा परिणाम उत्तरावर होतो. कन्नड बोलणाऱ्या घरात फक्त मराठी येणारा मुलगा गेला की माणसं लवकर संपवायला 'हो हो' म्हणतात. उलट बाजूलाही तेच. प्रश्नावली दोन्ही भाषांत करा, कन्नड मजकूर तिसऱ्याच माणसाकडून परत मराठीत करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहा. 'वापरता का' आणि 'सध्या घरात आहे का' यांत बराच फरक सहज पडतो. शक्य असेल तर मसाल्याचं पाकीट दाखवायला सांगा.

व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवून ९०० उत्तरं मिळवली, ती यात मिळवू का असंही तुम्ही विचारलंय. नका. कुणाला फॉर्म गेला याची यादीच नसेल तर चूक मोजायचं कुठलंही सूत्र तिथं लागू होत नाही, उत्तरं ९०० असोत की ९,०००. लोकांच्या तक्रारी काय आहेत, ते कुठले शब्द वापरतात, हे समजून घ्यायला ती उत्तरं चांगली आहेत. टक्केवारी काढायला नाहीत.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत भाताच्या विम्यासाठी चारच ठिकाणी पीक कापणी प्रयोग झाले. माझं भात आडवं झालं, पण सरासरी चांगली निघाली म्हणून भरपाई नाही. चार तुकड्यांवरून सगळ्या गावाचा निकाल कसा लावतात? सांगा की. — शेतकरी वाचक, खानापूर तालुका

तुमचं नुकसान खरं आहे आणि प्रश्नही रास्त आहे. निवडलेल्या शेतातला ठरावीक तुकडा कापून वजन करायच्या या प्रयोगाचं काम मात्र तुमचं शेत मोजणं नाही. पंचायतीची सरासरी काढणं हे आहे. विम्याचं एकक ग्रामपंचायत असेल तर प्रमुख पिकाला किमान ४ प्रयोग, असा पंतप्रधान पीक विमा योजनेचा नियम आहे. एकक एवढं लहान ठेवण्यामागं कारण आहे : कणकुंबीचा पाऊस आणि बीडीचा पाऊस एका सरासरीत घातला तर दोन्हीकडचं नुकसान झाकलं जाईल. पण एकक लहान केलं की प्रत्येकाच्या वाट्याला प्रयोगही थोडेच येतात. शेताशेतांतला फरक सरासरीच्या ३० टक्के असेल तर चार प्रयोगांच्या सरासरीची प्रमाणित चूक (ती खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलते ते) १५ टक्के राहते. म्हणून त्या चारांपैकी प्रत्येक प्रयोग नियमाप्रमाणं होणं फार महत्त्वाचं आहे, आणि तिथं शेतकऱ्यानं हजर राहायला हवं.

काय पाहायचं ते सांगतो. सर्व्हे नंबर यादृच्छिक आकड्यावरून निघालेलाच असावा. रस्त्याकडेचा, गाडी जाते म्हणून निवडलेला नसावा. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून मोजायला सुरुवात होते आणि दिलेल्या आकड्यांच्या जोडीप्रमाणं लांबीकडे व रुंदीकडे पावलं टाकून तुकड्याचा कोपरा ठरतो. भात विरळ दिसलं म्हणून किंवा दाट दिसलं म्हणून तो सरकवायचा नाही. तुकडा ५ बाय ५ मीटरचा. चारही बाजू ५ मीटर असून भागत नाही, चौकोन तिरपा होऊ शकतो. कर्ण मोजा, दोन्ही ७ मीटर ७ सेंटिमीटर आले पाहिजेत. दोरी ताणलेली हवी. दोरीवरच्या रोपाचं मूळ आत असेल तर ते आत, बाहेर असेल तर बाहेर. हे बारीक वाटेल, पण २५ चौरस मीटरचं वजन हेक्टरला नेताना ४०० नं गुणतात. काट्यावर १ किलो जास्त आलं की हेक्टरी ४ क्विंटल वाढतात. ओलं वजन आणि वाळल्यावरचं वजन, दोन्हींची नोंद पाहा.

कडेच्या रोपांचा हा वाद जुना आहे. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली आणि १९३७ पासून बंगालच्या तागाची नमुना पाहणी हाती घेतली. लहान लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत असा त्यांचा कल होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला आणि लहान तुकड्यांत उत्पन्न फुगून येतं हे दाखवून दिलं. हिशेब करून पाहा. १ चौरस मीटरच्या तुकड्याला चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त पीक आत ओढलं गेलं तर उत्पन्न २१ टक्के फुगतं. तितकीच चूक ५ बाय ५ च्या तुकड्यात झाली तर ४ टक्के. कापणाऱ्याचा हात कडेचं चांगलं रोप आतच ओढतो, आणि फुगलेलं उत्पन्न म्हणजे बुडालेली भरपाई.

गारपीट, भूस्खलन अशा स्थानिक आपत्तीनं तुमच्या एकट्याचं नुकसान झालं असेल तर त्यासाठी वेगळी वाट आहे. घटना घडल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं आणि मग तुमच्याच शेताचा पंचनामा होतो, पंचायतीच्या सरासरीवर काही अवलंबून राहत नाही. पुढच्या हंगामासाठी हे लक्षात असू द्या.

प्रश्न : आमच्या सौहार्द सहकारी संस्थेत ३,१०० कर्जखाती आणि १२ कोटी येणेबाकी आहे. अंतर्गत तपासणीत दर वर्षी ६० फाइली पाहतो, सगळ्या ठीक निघतात. 'संस्थेत चूक नाही' असं संचालक मंडळाला लिहून देऊ का? — व्यवस्थापक, खानापूर

तसं लिहू नका. ६० पैकी ६० चांगल्या निघाल्या तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की सदोष खाती ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. हा नियम पाठ करण्यासारखा आहे : शून्य दोष सापडले की ३ ला नमुन्याच्या संख्येनं भागायचं. कारण सोपं आहे. खरोखर ५ टक्के खाती सदोष असती तरी साठही चांगल्या निघण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या किंचित खाली येते. ३,१०० पैकी ५ टक्के म्हणजे १५५ खाती. मंडळाला हा आकडा सांगा.

शिवाय साठही फाइली त्या कपाटातून हाताला लागतील तशा काढलेल्या नसाव्यात. एक्सेलमध्ये यादीशेजारी यादृच्छिक आकडे देणाऱ्या रँड (RAND) सूत्राचा स्तंभ करा, तो खालपर्यंत ओढा, कॉपी करून फक्त मूल्यं म्हणून चिकटवा, नाहीतर प्रत्येक वेळी आकडे बदलतात. मग त्या स्तंभावर क्रमवारी लावून वरच्या साठ घ्या. ती शीट तशीच जतन करा, म्हणजे निवड कशी झाली हे पुढं दाखवता येईल.

पण खात्यांपेक्षा रुपयांची काळजी असेल तर रुपयांवरूनच निवडा. लेखापरीक्षक ही पद्धत वापरतात. मंडळानं ठरवलं की येणेबाकीत एकूण ३६ लाखांपर्यंतची चूक सोसवेल, त्याहून जास्त नाही. ३६ ला ३ नं भागा, १२ लाख ही पायरी झाली. सगळ्या खात्यांची चढती बेरीज करा. १ रुपया ते १२ लाख यांतला एक यादृच्छिक आकडा काढा, समजा ७ लाख ३५ हजार. ज्या खात्यात चढती बेरीज हा आकडा ओलांडते ते पहिलं खातं, मग १९ लाख ३५ हजार ओलांडणारं, मग ३१ लाख ३५ हजार. असे शंभर ठोके पडतात. १२ लाख किंवा वरचं प्रत्येक कर्ज आपोआप सापडतं, दहा हजारांचं क्वचित. सगळी बरोबर निघाली तर येणेबाकी ३६ लाखांपेक्षा जास्त फुगवलेली नाही असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं.

या पद्धतीची आंधळी बाजूही ध्यानात ठेवा. शून्य बाकीच्या खात्यावर ठोका कधीच पडत नाही. हप्ता भरून घेतला आणि खातं बंद दाखवलं, किंवा बाकी मुद्दाम कमी दाखवली, तर ते इथं दिसणार नाही. बंद खात्यांचा वेगळा नमुना काढा आणि सभासदाकडून बाकीची खातरजमा करून घ्या. सोनेतारण वेगळंच ठेवा, तिथं पाकीट उघडून वजन केल्याशिवाय कागदाला अर्थ नाही. आणि निवडलेली फाइल सापडली नाही तर तिच्या जागी शेजारची घेऊ नका. न सापडलेली फाइल ही सापडलेली चूक म्हणून मोजायची.

प्रश्न : पाहणीत निवडलेलं घर बंद असेल तर शेजारचं घर घेतलं तर चालतं ना? मुलं तसंच करतात. — पाहणी समन्वयक, बेळगाव

नाही. सकाळी अकराला दार उघडणाऱ्या घरात म्हातारी माणसं किंवा घरी असणारी बाई असते. बंद घरातली माणसं कारखान्यात असतात, शेतात असतात, किंवा खानापूरकडची कितीतरी घरं कामाला गोव्यात, पुण्यात गेलेली असतात. शेजारचं घर घेत गेलात तर नमुन्यात घरी असणाऱ्यांची गर्दी होते आणि नोकरदार घरं गळतात; संख्या मात्र पूर्ण भरते, म्हणून चूक कुणाला दिसत नाही.

तीन फेऱ्या वेगवेगळ्या वेळी करायला लावा : एक सकाळी, एक संध्याकाळी सातनंतर, एक रविवारी. प्रत्येक फेरीची वेळ फॉर्मवर लिहायची. ३०० मुलाखती हव्या असतील आणि चारातलं एक घर मिळणार नाही असा अंदाज असेल तर आधीच यादीतून ४०० निवडा. त्यातली किती मिळाली ते अहवालात पहिल्याच पानावर लिहा. तरीही बंद राहिलेल्या घरांपैकी चिठ्ठ्या टाकून एक तृतीयांश निवडा आणि तुमच्या सगळ्यात चिकाटीच्या मुलाला फक्त तेवढ्याच घरांच्या मागं लावा : शेजाऱ्याकडून फोन नंबर, सणाला गावी येतील तेव्हाची भेट, जे लागेल ते. त्या घरांच्या प्रत्येक उत्तराला बेरजेत तिप्पट वजन द्या. शंभर घरं बंद असतील तर तेहतीस गाठावी लागतील, आणि त्या तेहतीस घरांचं उत्तर उघड्या घरांपेक्षा किती वेगळं आहे हे तिथल्या तिथं कळेल.